अडतीस, आणि हिरवा ठिपका

माझा नवरा कामावर पोचला की कारखान्याच्या गेटवरून मला फोन करायचा. फोन म्हणजे चार शब्द. "पोचलो. समदं बराबर हाय." एवढं बोलून मोबाईल गेटवरच्या पेटीत जमा, कारण आत डिस्टिलरी, सगळीकडं स्पिरिटचा वास, मोबाईलला सक्त बंदी. मग शिफ्ट सुटेपर्यंत आत काय चाललंय ते मला कळायला मार्ग नाही. लग्नानंतर सुरुवातीला मी त्या वाक्यावर चिडायचे. "अहो, दुसरं काही सुचत नाही का? ऊन आहे, सावली आहे, चहा प्यायलात, काहीतरी बोला की माणसासारखं." तो म्हणायचा, "बराबर हाय त्याला दुसरं काय सांगू?" पुढं पुढं मला त्या वाक्याची सवय झाली. ते ऐकलं की मी निर्धास्त होऊन दुकानाचं शटर वर करायचे.

दुकान देवळाली प्रवऱ्यात. कॉम्प्युटर दुरुस्ती, नेटवर्कची कामं. बाई माणूस वायरी ओढते म्हणून सुरुवातीला लोक बघायला यायचे, आता बिघडलं की गुमान येतात. आसपासच्या पतसंस्था, शाळा, दूध संकलन केंद्रं, सगळीकडं माझा पाना-पक्कड फिरलेला. कारखान्याचंही काम माझ्याकडं असायचं. त्याचं नाव सांगणार नाही. खाजगी आहे, लहान आहे, आणि आमच्या घराची चूल त्याच्यावर पेटते, एवढं पुरे.

नवऱ्याची ड्यूटी मळीच्या टाकीवर. मळी म्हणजे उसातली साखर काढून घेतल्यावर उरतो तो काळा दाट पाक. डिस्टिलरीला तो लागतो म्हणून गेल्या हंगामातला टाकीत साठवून ठेवतात. टाकी दुमजली घराहून उंच, लोखंडी पत्र्याची, आणि तिच्या पायाशी नवऱ्याची केबिन. मळी दिसायला गरीब, पण लई वंगाळ चीज. साठून राहिली की आतल्या आत स्वतःच तापायला लागते, कुणी जाळ लावावा लागत नाही. वेळेत कळलं तर टाकीवर पाण्याचे फवारे मारून ती निववता येते. नाही कळलं तर एका हद्दीपुढं ती कुणाच्या बापाला ऐकत नाही. म्हणून तिथं एकच नियम होता. तापमान पंचेचाळीसच्या वर गेलं की टाकीवर कुणी चढायचं नाही, आणि फवारे चालू.

हे तापमान कळायचं कसं? टाकीत एक सेन्सर सोडलेला होता, त्याची वायर केबिनमधल्या कॉम्प्युटरला. त्या कॉम्प्युटरला स्क्रीन नव्हता. होता तो ऑफिसातल्या कुणाच्या तरी डोळ्यात भरला आणि गेला. राहिला नुसता डबा. तो डबा आकडा एका फोल्डरमध्ये टाकायचा, ते फोल्डर लॅबमधल्या कॉम्प्युटरला शेअर केलेलं, आणि केमिस्ट मॅडमच्या स्क्रीनवर तो आकडा मोठ्या अक्षरात दिसायचा. शेजारी ठिपका. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे पळा. नवऱ्याला टाकीवर चढायचं असलं की तो इंटरकॉमवरून लॅबला विचारायचा, मॅडम स्क्रीनकडं बघून सांगायच्या, मग तो शिडीला हात घालायचा. थोडक्यात, माझ्या नवऱ्याचा जीव त्या ठिपक्यावर. तेव्हा मी असं म्हणत नव्हते. आता म्हणते.

खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा असते. मिलला हार, बॉयलरला हार, वजनकाट्याला हार. कॉम्प्युटरांची पूजा मात्र ऑफिसच्या हॉलमध्ये एकत्र. खोलीखोलीतले डबे उचलून आणायचे, पुसून टेबलांवर मांडायचे, कुंकवाची बोटं ओढायची, झेंडू वाहायचा, एकच आरती. भटजीला कुठं खोल्याखोल्यांतून फिरवत बसायचं! गेल्या वर्षी कुणीतरी म्हणालं की टाकीवरचा डबा राहिला. माझ्या नवऱ्याला भारी वाईट वाटलं. त्याच्या केबिनमधला डबा तेवढा बिनकुंकवाचा राहावा म्हणजे काय? गेला, वायरी काढल्या, डबा खांद्यावर घेऊन आला. पूजा झाल्यावर परत नेला आणि स्वतःच जोडला.

संध्याकाळी घरी आला तो छाती फुगवून. "मीच नेला, मीच आनला, मीच जोडला. हिरवी लाइट कशी लुकलुकाय लागली बघ."

मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "झालं! आता माझं दुकान तुम्हीच चालवा. मी बसते खाटेवर पाय पसरून."

"चालवतो की. त्यात काय अवघड हाय, वायर बसली की बसली."

दोघंही हसलो. सासूबाईपण हसल्या.

दसरा झाला. कारखान्यात बॉयलर पेटवला, मिलची चाचणी सुरू झाली, सगळीकडं नुसती धावपळ. त्या दिवसांत नवऱ्याच्या कपड्यांना एक वास यायला लागला, करपलेल्या गुळासारखा. धुताना माझ्या नाकात बसायचा, दोनदा साबण लावला तरी जायचा नाही. एकदा मी विचारलं, हा कसला वास? तर म्हणाला, "बॉयलर पेटलाय, मिल चालू झालीय, वास तर येनारच. तू पन ना!" बरोबरच वाटलं मला. दर हंगामाला कसला ना कसला वास असतोच. पण त्या रात्री त्याच्या शर्टाशेजारी माझी साडी वाळत घालायला माझा हात धजेना. का ते सांगता येत नाही. मी साडी दुसऱ्या दोरीवर टाकली.

त्यानंतर कारखान्याच्या स्टोअरमधून फोन आला. स्टोअरकीपर म्हणजे पिकल्या मिशांचे, निवृत्तीला आलेले गृहस्थ, नवऱ्यामुळं मला वहिनी म्हणणारे. "वहिनी, लॅबचं फोल्डर उघडंना झालंय. नाव विचारतंय, पासवर्ड विचारतंय, टाकला की परत विचारतंय. माझ्या बोटाची सालं निघायची येळ आली."

दुपारचं जेवण उरकून मी गेले. ऑक्टोबरचं ऊन असं की गेटवरच्या वॉचमननं माझा मोबाईल पेटीत टाकला तेव्हा तो तव्यासारखा लागला हाताला.

कारखान्यात कॉम्प्युटरांच्या दोन लाइनी आहेत. एक ऑफिसची, एक प्लँटची. दोन गल्ल्या समजा. एका गल्लीतली घरं एकमेकांना हाका मारून बोलतात, पण पलीकडच्या गल्लीत ती हाक पोचत नाही, आणि पोचली तरी तिकडचं दार अनोळखी माणसाला उघडत नाही. हे मुद्दामच तसं केलेलं असतं, ऑफिसातल्या कुणाच्या पेनड्राइव्हमधला किडा मिलच्या यंत्रांत शिरू नये म्हणून. लॅब, स्टोअर, टाकी हे सगळे प्लँटच्या गल्लीत. स्टोअरकीपरच्या कॉम्प्युटरचा पत्ता बघितला तर तो ऑफिसच्या गल्लीतला. मी टेबलाखाली वाकले. भिंतीत दोन खाचा शेजारी शेजारी, आणि वायर भलत्याच खाचेत. काढली, दुसऱ्या खाचेत लावली. तरी पासवर्ड विचारायचं थांबेना. मग लक्षात आलं, यांनी चुकीचा पासवर्ड टाकून 'लक्षात ठेव' वर टिचकी मारून ठेवली होती, आणि कॉम्प्युटर आज्ञाधारकपणे तोच चुकीचा पासवर्ड पुढं करत होता. तो पुसला, नवा टाकला, फोल्डर उघडलं.

"वायर कुणी हलवली हो, भाऊ?"

"कुनी म्हंजे? पूजेला नेलतं की समदं. परत आनून जोडलं. आपन काय इंजिनेर हाय का, भोक दिसलं की घातली."

"समदं म्हणजे अजून काय काय नेलं होतं?"

"काय ऱ्हायलं हुतं? तुमच्या मालकांनी तर टाकीवरचा डबाबी खांद्यावर आनला." ते मिशीत हसले.

मीही हसले. पण हसता हसता आत कुठंतरी खट्ट झालं. टाकीच्या केबिनमध्ये हजेरीचं अंगठ्याचं मशीन आहे. ते ऑफिसच्या लाइनीवर. म्हणजे त्या केबिनच्या भिंतीवर वायरी घालायचे छोटे डबे दोन, शेजारी शेजारी. दोन्हीकडं हिरवी लाइट लुकलुकते. कुठंही वायर घाला, लुकलुकणारच.

तपासून टाकू म्हणून मी लॅबमध्ये गेले. केमिस्ट मॅडम वयानं माझ्याहून बऱ्याच लहान, नाशिककडच्या, कामाला चोख. चाचणीचे नमुने तपासून त्यांचे डोळे लाल झाले होते. मी म्हटलं, "मॅडम, टाकीचं फोल्डर उघडतंय का बघायचं होतं."

"उघडतंय ना ताई, काहीच प्रॉब्लेम नाही. एकदाही बंद पडलं नाही." त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवला. अडतीस पॉइंट चार. हिरवा ठिपका.

माझ्या जिवात जीव आला. म्हणजे नवऱ्यानं वायर बरोबर लावली होती तर. वर्गात पोरगं पास झाल्यासारखं वाटलं मला.

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. मॅडमनी स्पीकरवर घेतला, हात भरलेले होते म्हणून. "लॅब?" नवऱ्याचाच आवाज! "टाकीवर जायचंय. झाकनाजवळची वाफेची नळी कोंडलीया, साफ करायचीया. किती हाय?"

मॅडमनी मान वर केली. "अडतीस. हिरवं आहे. चढा."

"बराबर."

मला मध्येच तोंड घालून त्याची फिरकी घ्यावीशी वाटली, पण त्यानं ठेवून दिला होता.

आता माझं काम संपलं होतं. पिशवी उचलून निघायचं. पण हातात कीबोर्ड होता आणि सवयीचा दोष, मी लॅबच्या कॉम्प्युटरवरून टाकीच्या डब्याला एक हाक मारून बघितली. आमच्या धंद्यात तशी सोय असते. हाक मारायची, समोरचा कॉम्प्युटर जागा असला तर ओ देतो. ओ आली नाही. परत मारली. नाही. त्याचा पत्ता शोधला, तर त्या नावाचं कुणी या गल्लीत राहतच नाही म्हणे.

आणि फोल्डर तर उघडं. आकडा समोर. अडतीस पॉइंट चार.

एखादी गोष्ट बंद पडली की मी घाबरत नाही, बंद पडलेल्या वस्तूंवरच माझं पोट आहे. पण जे चालायलाच नको ते चालताना दिसलं की माझ्या अंगावर काटा येतो. "मॅडम," मी विचारलं, "हा आकडा सकाळी किती होता?"

"अडतीस."

"काल?"

"अडतीसच असेल. स्थिर आहे ना, म्हणून तर बरं. मी ठिपका बघते, ताई. हिरवा आहे तोवर..." त्या बोलता बोलता थांबल्या.

मी टेबलाखाली हात घातला आणि लॅबच्या कॉम्प्युटरची वायर उपटून बाहेर काढली. सगळीच. आता तो कॉम्प्युटर कुणाशीच जोडलेला नव्हता. टाकीशी नाही, ऑफिसशी नाही, जगाशी नाही. वायरचं टोक माझ्या हातात. आम्ही दोघींनी स्क्रीनकडं बघितलं.

अडतीस पॉइंट चार. हिरवा ठिपका.

सेन्सर बसवणाऱ्या पार्टीनं म्हणे सोय करून दिली होती. लाइन गेली तरी मॅडमना आकडे दिसावेत म्हणून त्या फोल्डरची एक नक्कल लॅबच्याच कॉम्प्युटरमध्ये साठवायची. खरं फोल्डर सापडलं नाही तर नक्कल उघडायची, आणि नक्कल आहे असं काही ठळक सांगायचं नाही. पूजेच्या सकाळी नवऱ्यानं वायर उपटली तेव्हाचा आकडा होता तो. त्या सकाळी टाकी अडतीसवर होती. त्यानंतर ती कितीवर गेली हे त्या कारखान्यात एकाही माणसाला ठाऊक नव्हतं, आणि माझा नवरा तिच्या शिडीवर होता.

"इंटरकॉम लावा!" मी ओरडले. मॅडमनी लावला. केबिनमध्ये तो वाजत राहिला, वाजत राहिला. उचलणार कोण? केबिनमधला माणूस वर गेला होता. मोबाईल गेटवरच्या पेटीत. "फवारे चालू करायला सांगा, भोंगा वाजवायला सांगा," असं काहीतरी म्हणत मी पळत सुटले.

मी कधी पळत नाही. अंगानं जाड, गुडघे दुखतात. चपलेचा अंगठा तुटला तशी चपला टाकल्या. उसाच्या गाड्यांच्या अड्ड्यावरून, चिपाडाच्या ढिगाला वळसा घालून, डांबर पायाला भाजतंय आणि मी पळतेय. आणि तो वास! जवळ जाईन तसा वाढत गेला. करपलेला गूळ. मी तो घरी धूत होते, दोरीवर वाळत घालत होते, आणि मला कळत नव्हतं. पळता पळता मला स्वतःचाच नाही, सगळ्या जगाचा राग आला. एवढी माणसं, एवढी नाकं, आणि सगळ्यांनी ठिपक्याला विचारायचं!

टाकीशी पोचले तर तो शिडीच्या वरच्या टोकाला. हातात पाना, डोक्याला पंचा. मी बोंब ठोकली. "अहो, खाली या! खाली या आधी!"

त्यानं वाकून बघितलं. मी त्या टाकीशी अशी पळत आजवर कधी गेले नव्हते. अनवाणी, पदर सुटलेला, धापा टाकणारी बायको बघून त्याच्या मनात एकच आलं. पाना तसाच वर टाकून तो भराभर उतरायला लागला. शेवटच्या पायऱ्यांवरून उडीच मारली. चेहरा पांढराफटक. "आईला काय झालं?"

"आईला काही नाही. टाकी तापलीय. चला इथून."

"आं?" त्याला श्वास घ्यायला जरा वेळ लागला आणि मग तो असा भडकला की बास. "टाकी? मला वाटलं आई गेली! आगं, आत्ता इचारलं म्या लॅबला. अडतीस हाय. तुला काय येड लागलंय का, चारचौघांत बोंबलत आलीस त्ये?"

"तो आकडा खोटा आहे. जुना आहे."

"आकडा खोटा कसा आसंल? डबा म्याच जोडलाय!"

आणि तो परत शिडीकडं वळला. पाना वर राहिला होता ना! मी त्याच्या शर्टाला धरलं. ऊन टाकीच्या तोंडावर होतं, शिडी त्याच बाजूला, लोखंड तर तापलेलं असणारच, त्याला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. मी त्याला ओढत पाठीमागं नेलं, जिथं भिंतीची सावली दिवसभर हटत नाही. "इथं हात लावा. इथं ऊन येत नाही. लावा हात."

त्यानं माझ्या समाधानासाठी लावल्यासारखा तळवा पत्र्याला टेकवला. टेकवला आणि झटका बसल्यासारखा मागं घेतला. तळव्याकडं बघितलं. मग टाकीकडं, वरपर्यंत. पत्र्याच्या आतून आवाज येत होता. चुलीवर दाट काहीतरी रटरटतं तसा, पण फार खोलवरून.

त्यानं माझा दंड धरला आणि आम्ही निघालो. मागं भोंगा सुरू झाला. डिस्टिलरीची माणसं बाहेर पडत होती, कुणी हसत, कुणाला वाटलं चाचणी आहे. नवरा एकेकाच्या पाठीत हात घालून ढकलत होता, आई-बहिणीवरून शिव्या देत होता, आणि त्या शिव्या मला त्या दिवशी मंत्रांसारख्या वाटल्या. फवारे चालू झाले. पाणी पत्र्यावर पडायचं आणि वाफ व्हायची.

आम्ही वजनकाट्याशी होतो तेव्हा टाकी फुटली. फार मोठा आवाज नाही झाला. जाड कापड फाटावं तसा लांबलचक आवाज, आणि मग काळं काहीतरी जमिनीवरून सावकाश यायला लागलं, वाफाळतं. सावकाश म्हणते, पण केबिनला ते पोचलं तेव्हा केबिन कागदाच्या खोक्यासारखी मुडपली आणि आत गेली. त्याच्या जेवणाचा डबा आत होता. हजेरीचं मशीन, ते दोन छोटे डबे, पूजा केलेला कॉम्प्युटर, सगळं. माणूस मात्र एकही गेला नाही. मी भररस्त्यात खाली बसले आणि मोठ्यानं रडले, लाज वाटली नाही.

पिशवी आणायला मी परत लॅबमध्ये गेले तेव्हा मॅडम स्क्रीनसमोर बसल्या होत्या. तोंड धुतलेलं, पण रडणं थांबलेलं नव्हतं. वायर मी उपटून टाकली होती तशीच जमिनीवर पडली होती. खिडकीतून टाकीची जागा दिसत होती, म्हणजे टाकी दिसत नव्हती.

"बघा ना ताई," त्या म्हणाल्या, "अजून अडतीसच आहे."

मी बटण दाबून स्क्रीन बंद केला. त्या ठिपक्याची हिरवी सावली माझ्या डोळ्यांसमोरून कितीतरी वेळ हलली नाही.

पुढं चौकशी झाली. मला विचारलं, काय झालं ते मी सांगितलं. दोन लाइनी, चुकीची वायर, साठवलेली नक्कल. वायर कुणी लावली? पूजेच्या गडबडीत कुणीतरी, असं स्टोअरकीपर म्हणाले, मी मान डोलावली. नवरा शेजारी बसला होता, बँडेज बांधलेला हात मांडीवर ठेवून. तो काहीच बोलला नाही. मला वाटलं, त्याच्या लक्षात आलेलं नाही. दोन गल्ल्या काय नि नक्कल काय, त्याच्या डोक्यावरून गेलं असणार. देवाची कृपा म्हटलं, नाही कळलं तेच बरं. त्याला हे कधी कळू द्यायचं नाही असं मी मनाशी ठरवलं, आणि सासूबाईंनाही दटावलं की त्या डब्याचा विषय घरात काढायचा नाही.

त्याला बगॅसच्या, म्हणजे चिपाड वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर ड्यूटी दिली. तो कामावर जायचा, गेटवरून फोन करायचा. "पोचलो. समदं बराबर हाय." मी ऐकायचे आणि शटर वर करायचे. जेवण कमी झालं होतं त्याचं. झोपेत हात झटकायचा. मी विचारलं की म्हणायचा, बराबर हाय की. मी म्हणायचे, मोठा धक्का होता, निवळेल.

यंदाच्या खंडेनवमीला मी दुकानात पूजा मांडली. माझा कॉम्प्युटर, पक्कड, टेस्टर, वायरींचं एक भेंडोळं. नवऱ्याला म्हटलं, "अहो, तेवढा डबा टेबलावरनं काढून पाटावर ठेवा. माझी कंबर धरलीय."

तो उंबऱ्यातच उभा. दोन्ही हात पाठीशी.

"अहो!"

"तूच ठेव. वायरीला मी हात लावनार न्हाई."

मी वळून बघितलं. तो पाटाकडं बघत होता, माझ्याकडं नाही. माझ्या हातातली कुंकवाची वाटी तशीच राहिली. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोन सांगंल? दोन डबं हुते भितीवर. मूळची वायर कुठल्या डब्यात हुती त्ये मला आठवंना. हिरवी लाइट लागली म्हनून उठलो. चौकशीला तू बोलत हुतीस ना, तवाच कळलं. पन्नास मानसं हुती गं माझ्या मागं त्या यार्डात."

"आणि मग वर्षभर मला रोज फोनवर काय सांगत होता? समदं बराबर हाय?"

"तू रोज ऐकायचीस," तो म्हणाला. "मी रोज सांगायचो."

बाहेर रस्त्यावरून झेंडूचा टेम्पो ओरडत गेला. मी वाटी खाली ठेवली, उठले, आणि पाठीमागून त्याचा हात ओढून पुढं घेतला. तळव्यावर जिथं भाजलं होतं तिथली कातडी अजून गुळगुळीत, गुलाबी आहे. मी तिथं माझा तळवा टेकवला आणि दाबून धरला. वर्षभरात मी त्याला हात लावून बघितलं नव्हतं. तो आतून थरथरत होता.